आरोग्यसाक्षरता आणि सार्वजनिक धोरण : दिल्लीच्या शाळांचा अनुभव

नखे वेळच्या वेळी कापावीत, जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत, पाणी उकळून प्यावे, उघड्यावरचे पदार्थ खाऊ नयेत, ही वचने आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना मुखोद्गत आहेत. त्यांतील एकही वचन खोटे नाही. तथापि या सर्व वचनांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, मनुष्याचे आरोग्य मुख्यतः त्याच्या स्वतःच्या सवयींवर अवलंबून असते आणि सवयी सुधारल्या की आरोग्य आपोआप सुधारते. हे गृहीत कितपत खरे आहे, याचा विचार मात्र शाळेच्या चार भिंतींत क्वचितच केला जातो.

नळाला येणारे पाणी कोठून येते, ते शुद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, शाळेच्या फाटकाशी तंबाखूची पुडी विकण्यास कोण परवानगी देतो, शहरातील बसगाड्यांनी कोणते इंधन वापरावे हे कोण ठरवितो, हेही आरोग्याचेच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे शरीरशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाहीत. ती कायद्यांत, नियमांत, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आणि न्यायालयांच्या निर्णयांत शोधावी लागतात. आरोग्यविषयक माहिती मिळविणे, ती समजून घेणे, तिची पारख करणे आणि तिचा स्वतःच्या व समाजाच्या हितासाठी उपयोग करणे, या एकत्रित क्षमतेला ‘आरोग्यसाक्षरता’ असे म्हणतात. या क्षमतेचा शेवटचा भाग, म्हणजे समाजहितासाठी उपयोग करण्याचा भाग, किशोरवयीन मुलांना शिकविता येईल काय? दिल्लीतील शाळांमध्ये १९९० नंतर झालेल्या काही प्रयत्नांवरून या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

एका साथीचा धडा

या विषयाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी प्रथम दिल्लीच्याच एका जुन्या साथीकडे वळले पाहिजे. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरताना नदीच्या प्रवाहात बदल झाला आणि नजफगढ नाल्यातील सांडपाणी उलट्या दिशेने सरकून वजिराबाद येथील पाणी उपसण्याच्या केंद्रापर्यंत पोहोचले. शहराला पाणीपुरवठा करणारे हे एक प्रमुख केंद्र होते. तेथील तंत्रज्ञांनी धोका ओळखून पाण्यातील क्लोरीनचे प्रमाण वाढविले. त्यामुळे विषमज्वर, आमांश यांसारखे जंतुजन्य रोग पसरले नाहीत. परंतु पाच-सहा आठवड्यांनी, म्हणजे डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये, काविळीची प्रचंड साथ उद्‌भवली. लक्षणे स्पष्ट दिसून आलेल्या रुग्णांचीच संख्या २९ हजारांच्या वर गेली. गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक होते. क्लोरीनच्या ज्या मात्रेने जंतू मेले, त्या मात्रेला काविळीचा विषाणू दाद देत नव्हता.

या साथीतील रुग्णांच्या रक्तजलाचे जतन केलेले नमुने पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांच्या साहाय्याने तपासले. ही कावीळ त्या वेळी ज्ञात असलेल्या ‘अ’ व ‘ब’ या प्रकारांहून वेगळी होती, असा निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. आज हा विषाणू ‘ई’ या अक्षराने ओळखला जातो.

या घटनेतून विद्यार्थ्याने काय शिकावे? पाणी उकळून प्यावे, हा धडा येथेही खरा आहे. ज्या घरात पाणी नियमाने उकळले जात होते, त्या घराला संरक्षण मिळाले असणार. परंतु उकळण्यासाठी इंधन लागते, इंधनाला पैसा लागतो, आणि लाखो लोकांनी रोज उकळावे अशी अपेक्षा धरण्यापेक्षा सांडपाण्याचा नाला पाणी उपसण्याच्या जागेपासून दूर ठेवणे अधिक सोपे व खात्रीचे असते. पहिला उपाय कुटुंबाच्या हाती आहे. दुसरा केवळ शासनाच्या हाती आहे. ज्या शिक्षणात पहिला उपाय सांगितला जातो आणि दुसऱ्याचा उच्चारही होत नाही, ते शिक्षण नकळत असे सुचविते की, जो आजारी पडला त्याचाच काही दोष असावा.

डेंग्यूच्या बाबतीतही असाच अनुभव येतो. १९९६ मध्ये दिल्लीत या रोगाची मोठी साथ आली. तीत १० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली व चारशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून आठवड्यातून एकदा कूलर, पिंप व कुंड्या रिकाम्या करून कोरड्या कराव्यात, हा उपदेश योग्यच होय. परंतु लोक पाणी साठवून का ठेवतात, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर त्याचे उत्तर पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकात सापडते. ज्या वस्तीत नळाला दिवसातून तासभरच पाणी येते, तेथे पिंप भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. अशा रीतीने वैयक्तिक सवयीचा माग काढीत गेले की बहुधा सार्वजनिक धोरणाशी येऊन पोहोचावे लागते.

विचारातील बदल

आरोग्य आणि धोरण यांच्या या संबंधाला जागतिक मान्यता मिळाली ती १९८६ मध्ये. त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या परिषदेत आरोग्यसंवर्धनाची एक सनद स्वीकारण्यात आली. तीत कार्याची पाच क्षेत्रे सांगितली आहेत : आरोग्याला पोषक असे सार्वजनिक धोरण आखणे, अनुकूल परिसर निर्माण करणे, लोकसमुदायाच्या कृतीला बळ देणे, व्यक्तीची कौशल्ये वाढविणे आणि आरोग्यसेवांची दिशा बदलणे. शाळेत शिकविले जाणारे आरोग्यशास्त्र या पाचांपैकी फक्त चौथ्या क्षेत्रात मोडते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे २००० च्या सुमारास डॉन नटबीम या अभ्यासकाने आरोग्यसाक्षरतेच्या तीन पायऱ्या मांडल्या. औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचून त्याप्रमाणे वागता येणे, ही पहिली पायरी. डॉक्टरांशी, शिक्षकांशी, घरच्यांशी बोलून माहिती मिळविणे व ती आपल्या परिस्थितीला लागू करणे, ही दुसरी. आणि आरोग्यावर परिणाम करणाऱ्या सामाजिक व आर्थिक कारणांची चिकित्सा करून ती बदलण्यासाठी इतरांसह प्रयत्न करणे, ही तिसरी. पहिल्या दोन पायऱ्यांवर व्यक्ती स्वतःला सांभाळते. तिसऱ्या पायरीवर ती नागरिक होते.

‘हृदय’चा प्रारंभ

दिल्लीत १९९२ मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमाने या तिसऱ्या पायरीचा प्रत्यक्ष प्रयोग केला. ‘युवकांमध्ये आरोग्यविषयक माहितीचा प्रसार’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘हृदय’ असे नाव मिळाले. हे नाव दुहेरी अर्थाने समर्पक होते, कारण त्यामागील प्रमुख प्रेरणा हृदयरोगतज्ज्ञांची होती. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांचा त्यात पुढाकार होता. पुढे डॉ. मोनिका अरोरा यांनी या कार्याची धुरा वाहिली. हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग यांसारख्या रोगांची मुळे बालपणी व किशोरवयात लागलेल्या सवयींत असतात. रुग्णालयात खाटेवर पडलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाला तंबाखू सोडण्याचा सल्ला देणे आवश्यक असले, तरी तोपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. म्हणून या डॉक्टरांनी शाळेची वाट धरली.

प्रारंभीच्या वर्षांत झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतील ३० शाळांमधील सातवीच्या विद्यार्थ्यांचा समावेश करण्यात आला. शाळांचे तीन गट पाडण्यात आले. पहिल्या गटात केवळ शाळेतले कार्यक्रम झाले. दुसऱ्या गटात शाळेतील कार्यक्रमांच्या जोडीला घरी नेण्याच्या पुस्तिका देऊन कुटुंबालाही त्यात ओढण्यात आले. तिसऱ्या गटात काहीच केले गेले नाही, जेणेकरून तुलना करता यावी. कार्यक्रम झालेल्या शाळांतील मुलांमध्ये तंबाखूचा प्रयोग करून पाहण्याचे व पुढे तो करण्याचा मनोदय बाळगण्याचे प्रमाण तुलना-गटापेक्षा कमी आढळले. २००२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

बत्तीस शाळांचा प्रयोग

यानंतरचा प्रयोग अधिक व्यापक होता. २००४ ते २००६ या काळात दिल्ली व चेन्नई या दोन शहरांतील ३२ शाळांमध्ये तो पार पडला. त्यात शासकीय शाळा होत्या, तशाच खासगी शाळाही होत्या. या प्रकल्पाचे नाव ‘मैत्री’ असे ठेवण्यात आले होते.

आरंभीच्या पाहणीतच एक अनपेक्षित गोष्ट नजरेस आली. वयाबरोबर व्यसनाचे प्रमाण वाढत जाते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे मात्र सहावीतील २४.८ टक्के विद्यार्थ्यांनी कधी ना कधी तंबाखूचा वापर केल्याचे सांगितले, तर आठवीत हे प्रमाण ९.३ टक्के होते. याचे दोन अर्थ निघू शकत होते. एक तर लहान मुलांनी प्रश्नांची उत्तरे अधिक मोकळेपणाने, किंवा कमी काळजीपूर्वक, दिली असावीत. किंवा तंबाखूच्या वापराची एक नवी लाट लहान वयापासूनच उठत असावी. अभ्यासकांनी दुसरी शक्यता गंभीरपणे घेतली. एक-दोन रुपयांना मिळणाऱ्या रंगीत पुड्या त्या काळात सर्वत्र टांगलेल्या दिसत असत आणि गोड सुपारीपासून गुटख्यापर्यंतचे अंतर फारसे राहिले नव्हते, हे पाहता ही दक्षता अनाठायी म्हणता येणार नाही. शासकीय शाळांतील, म्हणजेच सामान्यतः कमी उत्पन्नाच्या घरांतील, मुलांमध्ये तंबाखूचा वापर अधिक होता, असेही दिसून आले.

मैत्री प्रकल्पाची कार्यपद्धती चार अंगांची होती : वर्गातील पाठ, शाळेतील भित्तिपत्रके, पालकांना पाठविलेली पोस्टकार्डे आणि विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालविलेली आरोग्यविषयक चळवळ. वर्गातील पाठ शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांतूनच निवडलेले व प्रशिक्षण दिलेले समवयस्क नायक घेत असत. तंबाखूने कर्करोग होतो, हे वाक्य बारा वर्षांच्या मुलाला फारसे हलवीत नाही; त्याच्या दृष्टीने कर्करोग म्हातारपणीची गोष्ट असते. परंतु आपल्याच वयाच्या मुलाने, मित्राने पुढे केलेली पुडी कशी नाकारावी हे नाट्यरूपाने करून दाखविले, किंवा जाहिरातीतला रुबाबदार नट नेमके काय विकतो आहे हे फोड करून सांगितले, तर ते मनात ठसते.

दोन वर्षांनंतरचे निष्कर्ष बोलके होते. तुलना-गटातील शाळांमध्ये तंबाखूच्या वापरात ६८ टक्क्यांनी वाढ झाली, तर कार्यक्रम झालेल्या शाळांमध्ये १७ टक्क्यांनी घट झाली. केवळ दोन वर्षांच्या, फार खर्चिक नसलेल्या उपक्रमाचे हे फळ होते. अर्थात ही मुले पुढे विशी-पंचविशीत पोहोचल्यावर त्यांच्या सवयी कशा राहिल्या, हे अशा अल्पकालीन अभ्यासावरून सांगता येत नाही. तसेच असे निष्कर्ष प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या सततच्या साहाय्याने मिळालेले असतात. तेच पाठ हजारो शाळांतून उरकून टाकले गेले, तर परिणाम तितकाच राहील असे मानता येत नाही.

शंभर वारांचे अंतर

वर्गातील शिक्षण आणि कायदा यांची गाठ कोठे पडते, हे दाखविण्यासाठी तंबाखूइतका सोयीचा विषय दुसरा नाही. दिल्लीच्या विधानसभेने १९९६ मध्ये धूम्रपानास मनाई करणारा व धूम्रपान न करणाऱ्यांच्या आरोग्याचे रक्षण करणारा अधिनियम संमत केला. त्याने सार्वजनिक ठिकाणी व सार्वजनिक वाहनांत धूम्रपानास बंदी घातली, अठरा वर्षांखालील व्यक्तींना विक्री करण्यास मनाई केली आणि शिक्षणसंस्थेपासून १०० मीटरच्या आत विक्री करण्यास प्रतिबंध केला. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभर रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये व सार्वजनिक वाहने यांसारख्या ठिकाणी धूम्रपानास मनाई करण्याचा आदेश दिला. त्यानंतर २००३ मध्ये संसदेने सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा अधिनियम केला. त्यात शाळेपासूनचे अंतर १०० वार असे ठरविण्यात आले. १०० वार म्हणजे सुमारे साडेएक्क्याण्णव मीटर. हे अंतर शाळेच्या भिंतीच्या अथवा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून त्रिज्येने मोजावे, असा नियमही पुढे करण्यात आला.

हा तपशील रूक्ष वाटला, तरी शिक्षकाच्या हाती तो मोठे साधन देतो. गणिताच्या तासाला वर्तुळ व त्रिज्या शिकलेल्या मुलांना आपल्या शाळेचा नकाशा काढावयास सांगावे. कुंपणाच्या प्रत्येक बाजूपासून १०० वारांची मर्यादारेषा आखावी. त्या रेषेच्या आत तंबाखूची किती दुकाने येतात, ते मोजावे. पाटी लावण्याचे बंधन असलेल्या ठिकाणी पाटी आहे काय, ते पाहावे. एवढे केल्यावर मुलांच्या मनात प्रश्न आपोआप उठतात. कायदा असूनही दुकान का आहे? त्याची तक्रार कोणाकडे करावयाची? ते दुकान परवाना कोठून घेते? दंड कोण आकारतो? या प्रश्नांची उत्तरे शोधताना नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील महानगरपालिका, पोलीस, राज्य शासन व न्यायालय ही नावे प्रथमच सजीव होतात.

माहिती मिळविण्याचा मार्गही मुलांना दाखविता येतो. माहितीच्या अधिकाराचा दिल्लीचा स्वतंत्र कायदा २००१ मध्ये झाला. महाराष्ट्रातही अशा कायद्यासाठी आंदोलने झाली आणि २००५ मध्ये केंद्रीय अधिनियम अमलात आला. त्याचा अर्ज कसा लिहावा, कोणत्या कार्यालयाकडे पाठवावा व उत्तरासाठी किती दिवसांची मुदत असते, हे शिकण्यास एक तास पुरेसा होतो. येथे एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. पाहणी करणाऱ्या मुलांना दुकानदाराशी वाद घालण्यास पाठवू नये; पाहणी, नोंद व अर्ज एवढीच त्यांची मर्यादा असावी.

दुसरी बाजू

धोरणाचे शिक्षण म्हणजे प्रचार नव्हे. एखाद्या बंदीचे गुणगान करून थांबणारा पाठ हा जुन्या उपदेशाचाच नवा अवतार ठरेल. धोरणाचा परिणाम समाजातील निरनिराळ्या थरांवर निरनिराळा होतो, हे समजणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे.

शाळेजवळची टपरी उठली की कोणाचा तरी चरितार्थ बुडतो. महाराष्ट्रात सोलापूरच्या वस्त्यांमध्ये हजारो स्त्रिया घरबसल्या विड्या वळून संसार चालवितात. भंडारा व गोंदिया भागांत तेंदूपानांच्या हंगामावर पुष्कळ कुटुंबांची भिस्त असते. या स्त्रिया तंबाखूच्या धुळीतच दिवस काढतात, आणि त्यांच्या मजुरीचे व सवलतींचे नियमन करण्यासाठी १९६६ मध्ये स्वतंत्र अधिनियम करावा लागला. विडीवरील कर वाढविला तर विडी ओढणारा कमी ओढेल, ही एक बाजू. वळणारीच्या हातचे काम कमी होईल, ही दुसरी. मग तिला पर्यायी काम कोणी द्यावयाचे? हा प्रश्न आठवीच्या मुलांसमोर ठेवला, तर ती त्याचे अंतिम उत्तर देऊ शकणार नाहीत. परंतु धोरण म्हणजे हितसंबंधांचे मोजमाप असते, ही गोष्ट त्यांना चांगली उमजेल.

गुटख्याचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. महाराष्ट्र शासनाने २००२ मध्ये घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांचा आधार घेऊन महाराष्ट्राने पुन्हा बंदी घातली. दिल्लीनेही त्याच वर्षी घातली. उद्देश तोच राहिला. कायद्याचा आधार बदलला, म्हणून परिणाम बदलला. आणि बंदीनंतरही पानमसाला व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत शेजारी-शेजारी विकण्याची युक्ती निघाली. कायदा करणे व कायदा प्रत्यक्षात उतरविणे यांत केवढे अंतर असते, हे समजण्यास यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

हवा आणि सीमा

तंबाखू नाकारता येतो. श्वास नाकारता येत नाही. म्हणून दिल्लीच्या परिसरातील शाळांना हवेच्या प्रदूषणाचा विषय टाळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिल्लीतील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत नैसर्गिक वायूवर चालविण्याचा आदेश दिला. ती मुदत पाळली गेली नाही. एप्रिल २००१ मध्ये गाड्यांच्या अभावी प्रवाशांचे अतोनात हाल झाले. अखेरीस २००२ च्या अखेरीपर्यंत शहराच्या बसगाड्या नव्या इंधनावर आल्या. पुढे वाहनांची संख्या वाढत गेली आणि त्या निर्णयाने मिळविलेला लाभ बराचसा झाकोळून गेला, हेही तितकेच खरे आहे.

२०१५ मध्ये दिल्लीतील तीन तान्ह्या बालकांच्या नावाने, त्यांच्या वडिलांमार्फत, फटाक्यांविरुद्ध एक याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. ज्यांना बोलताही येत नव्हते अशा नागरिकांच्या श्वासाचा हक्क न्यायालयापुढे मांडला गेला, ही घटना कोणत्याही वर्गात चर्चेला घेण्याजोगी आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने फटाक्यांच्या प्रकारांवर व ते उडविण्याच्या वेळांवर निर्बंध घातले.

प्रदूषण फार वाढले की शाळाच बंद ठेवण्यात येतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये असा प्रसंग आला व त्यानंतरही तो वारंवार आला. वरकरणी हा निर्णय सर्व मुलांना सारखाच लागू होतो. परंतु ज्या घरात हवा शुद्ध करणारे यंत्र आहे, त्या घरातले मूल शाळा बंद झाल्यावर खरोखर सुरक्षित जागी असते. ज्याचे घर रस्त्याच्या कडेला आहे, त्याला बाहेरची व घरातली हवा एकच. शिवाय त्याचे त्या दिवसाचे मध्यान्ह भोजन बुडण्याची शक्यता असते. एकच आदेश दोन मुलांच्या वाट्याला निरनिराळ्या रूपांत येतो.

राजधानी परिसराची भूगोलरचना या विषयाला आणखी एक पैलू देते. दिल्लीला लागून नोएडा व गाझियाबाद ही उत्तर प्रदेशातील, तर गुरुग्राम व फरीदाबाद ही हरियाणातील शहरे आहेत. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन शासने असू शकतात. दिल्लीचा १९९६ चा धूम्रपानविषयक कायदा राज्याच्या सीमेवर संपत होता; केंद्रीय कायदा आल्यावरच सीमेपलीकडच्या मुलांना तशा प्रकारचे संरक्षण मिळाले. हवा तर सीमा जाणतच नाही. म्हणूनच दिल्ली व शेजारच्या राज्यांच्या हवेची देखरेख करणारा एक आयोग २०२१ च्या अधिनियमाने स्थापन करावा लागला. कोणत्या पातळीवरचे शासन कोणता प्रश्न सोडवू शकते, हे परिसरातील विद्यार्थ्यांना नकाशावर बोट ठेवून दाखविता येते.

शिक्षकापुढील अडचणी

हे सर्व प्रत्यक्षात आणणे सोपे नाही. अभ्यासक्रम ठरलेला असतो, परीक्षा जवळ आलेली असते, आणि ज्या विषयाला गुण नाहीत त्याला तास मिळत नाही. केंद्र शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यावे व दर आठवड्याला एक तास या कामासाठी राखून ठेवावा, अशी योजना आहे. तिच्या अकरा विषयांत पोषण, मानसिक आरोग्य, व्यसनप्रतिबंध इत्यादींचा समावेश आहे. या तासातच धोरणाच्या शिक्षणाला जागा करून घेता येईल.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. धोरणाची चर्चा म्हणजे राजकारण, अशी अनेक शिक्षकांची समजूत असते व त्यामुळे ते बिचकतात. पक्षाचा प्रचार आणि धोरणाची चिकित्सा यांत स्पष्ट भेद करावयास हवा. शाळेच्या आवारात व आवारापासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त स्निग्धांश, साखर वा मीठ असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केला. हा नियम आपल्या उपाहारगृहात पाळला जातो काय, हे मुलांनी तपासणे यात कोणताही पक्ष येत नाही. येते ती फक्त शाळेची स्वतःची जबाबदारी, आणि कदाचित म्हणूनच ही तपासणी अधिक अवघड वाटते. जी शाळा रस्त्यावरील टपरीकडे बोट दाखविते, तिने स्वतःच्या उपाहारगृहाची झडती घेण्याचीही तयारी ठेवली पाहिजे.

फलश्रुती

जागतिक पाहणीनुसार भारतातील १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांमध्ये तंबाखू सेवनाचे प्रमाण २००९ मध्ये १४.६ टक्के होते. २०१९ मध्ये ते ८.५ टक्क्यांवर आले. या घटीचे श्रेय एकट्या शाळेला, एकट्या कायद्याला वा पाकिटावरील चित्ररूप इशाऱ्याला देता येणार नाही. ही सर्व साधने एकाच काळात एकमेकांना पूरक होऊन काम करीत होती. पुडी नाकारण्यास शिकलेल्या मुलाला ती पुडी शाळेजवळ मिळेनाशी झाली, तर त्याचा निश्चय टिकण्यास मदत होते. आणि पुडी शाळेजवळ मिळू नये, असा कायदा अमलात येण्यास शिकलेली मुले व त्यांचे जागरूक पालक मदत करतात.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात १० ते १९ वर्षे वयाची सुमारे २५ कोटी मुले-मुली होती. त्यांतील बहुतेकांना त्या वेळी मताचा अधिकार नव्हता. परंतु ज्या पाण्याने, हवेने व अन्नाने त्यांची शरीरे घडत होती, त्यांच्याविषयीचे निर्णय त्याच वर्षांत घेतले जात होते. मतदानाच्या वयापूर्वीच्या या सहा-आठ वर्षांत, आपल्या नळाचे पाणी कोणाच्या निर्णयाने येते हे विचारावयास व त्याचे उत्तर शोधावयास मुले शिकली, तर पुढे त्यांच्या हाती येणारा मताचा अधिकार अधिक डोळसपणे वापरला जाईल. दिल्लीतील प्रयोगांनी हे शिक्षण बारा-तेरा वर्षांच्या मुलांना झेपते, एवढे निश्चित दाखवून दिले आहे. ते थोड्या निवडक शाळांपुरते राहावे की प्रत्येक शाळेत पोहोचावे, हाही शेवटी सार्वजनिक धोरणाचाच प्रश्न आहे.